दुरडीतल्या भाकऱ्या: रायरेश्वरच्या एका दिवसाच्या सहलीचा प्रकरण अभ्यास

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही रायरेश्वरावरच्या त्या घराच्या ओसरीत टेकलो. जेवायची वेळ ठरली होती साडेबाराची. घरच्या मावशींनी उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. "सगळी नीट आली ना वर?" एवढंच विचारून त्या आत गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीशेजारी दुरडीत भाकऱ्यांची चळत होती, वर ओलं फडकं. फडकं उचलून त्यांनी वरच्या दोन-तीन भाकऱ्या चेपून बघितल्या. वातड झाल्या होत्या. दुरडी त्यांनी पायानं हलकेच बाजूला सरकवली आणि काटवटीत नव्यानं पीठ घेतलं.

पुण्याहून लोकांना एका दिवसात डोंगरावरच्या वस्तीत नेऊन आणण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. या दिवसाबद्दल सविस्तर लिहावं असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण बाहेरून पाहिलं तर ही सहल छान झाली होती. कुणाला खरचटलं नाही, धुकं निघालं, फुलं दिसली, फोटो झाले, परतताना बसमध्ये गाणी झाली. सहभागींनी पाठवलेले अभिप्राय चांगले होते. आणि तरी ज्या घरी आम्ही जेवलो त्या घराचा अख्खा दिवस आम्ही वाया घालवला होता. तो कसा, ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

जागा

रायरेश्वर पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात आहे, दक्षिणेच्या कडेला. पठाराच्या पलीकडे उतरलं की वाई तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. उंची समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या वर. याला किल्ला म्हणतात, पण तट-बुरूज शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. हे एक लांबलचक पठार आहे, पूर्व-पश्चिम दहा-अकरा किलोमीटर पसरलेलं, आणि त्यावर माणसं राहतात. रायरेश्वराच्या देवळाची पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या जंगमांची ही वस्ती. गहू, नाचणी, भात, गुरं आणि आता आमच्यासारखे येणारे-जाणारे, यावर घरं चालतात.

गाडीरस्ता भोर, आंबवडे, टिटेघर, कोर्ले असा येतो आणि केंजळगड व रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपाशी संपतो. तिथून पायवाट, आणि मग कड्याला लावलेली लोखंडी शिडी. वस्तीवर लागणारी प्रत्येक गोष्ट, मीठ असो की सिमेंटचं पोतं की गॅसची टाकी, या शिडीवरून माणसाच्या पाठीवर वर जाते. काही वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर खाली सुटा केला, एकेक भाग शिडीवरून वर नेला आणि पठारावर पुन्हा जोडला. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या होत्या. मी नव्या लोकांना ही गोष्ट आवर्जून सांगते. वरच्या ताटातल्या तेलाची किंमत त्यावरून लवकर समजते.

या पठाराची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. उत्तरेकडे उतरणारं पाणी नीरेच्या खोऱ्यात जातं, दक्षिणेकडचं वाळकीतून कृष्णेला मिळतं. नीरा पुढे भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच वावराच्या दोन बाजूंना पडलेला पाऊस शेकडो किलोमीटर वेगळा फिरून पुन्हा एक होतो. पठाराच्या मध्यावर उभं राहून हे सांगितलं की लोक आपोआप दोन्ही बाजूंना मान वळवून बघतात.

इतिहासाबद्दल बसमध्ये नेहमी प्रश्न येतो. शिवाजी महाराजांनी वयाच्या सोळाव्या वर्षी, 1645 साली, इथे स्वराज्याची शपथ घेतली ही परंपरा महाराष्ट्रभर मानली जाते. तिचा आधार म्हणून रोहिड खोऱ्याचे देशपांडे (वतनदार अधिकारी) दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेल्या त्या सालच्या पत्राकडे बोट दाखवलं जातं. त्यात देवाचं नाव 'रोहिरेश्वर' असं येतं, आणि पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहास संशोधकांत मतभेद आहेत. मी दोन्ही गोष्टी सांगते. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर ज्याला जे वाटायचं ते वाटतंच, त्यासाठी माझ्याकडून काही लपवायची गरज पडत नाही.

आराखडा

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. सोनकीनं पठार पिवळं होण्याचे दिवस. एकोणीस सहभागी, मी आणि माझा सहकारी, असे एकवीस. माणशी अकराशे रुपये. कागदावर वेळापत्रक असं होतं: सकाळी सहाला स्वारगेटहून निघायचं, कापूरहोळला नाश्ता, साडेनऊला शिडी, अकराला देऊळ, साडेबाराला जेवण, त्यानंतर पठाराच्या पश्चिम टोकाला नाखिंदापर्यंत चाल, पाचला खाली.

नाखिंद देवळापासून जाऊन-येऊन चार तास सहज खातं. साडेबाराला जेवायला बसलेली एकवीस माणसं चार तास चालून पाचला शिडीच्या तळाशी कशी पोचतील, हा हिशेब आम्ही दोघांनीही घातला नव्हता. जाहिरातीत 'नाखिंदचं नेढं', म्हणजे तिथल्या कड्यातलं आरपार भोक, लिहिलं की नोंदणी भरभर होते, म्हणून ते लिहिलं होतं. हे आता लिहिताना साधं वाटतं, पण पुढचं सगळं त्या एका ओळीच्या दबावाखाली घडलं. नाखिंद गाठायचं तर सकाळपासून घाई, घाई केली की काहीतरी राहतं, आणि राहिलेलं भरून काढायला जेवण मागे ढकलायचं.

त्या दिवशी

स्वारगेटहून निघायलाच सहा पन्नास झाले. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग. कापूरहोळला नाश्त्याला अर्धा तास धरला होता, लागला एक तास पाच मिनिटं, कारण तशाच आणखी चार बसगाड्या तिथे थांबल्या होत्या. कोर्ल्याच्या वरच्या अरुंद रस्त्यावर समोरून उतरणाऱ्या गाड्यांना वाट देत देत खिंडीत पोचेपर्यंत दहा पन्नास.

शिडीपाशी आमच्या आधी तीन गट उभे होते. धुकं इतकं दाट की शिडीचं वरचं टोक दिसत नव्हतं. फक्त ओल्या लोखंडावर बूट वाजल्याचा आवाज वरून येत होता. माझा सहकारी पुढे, मी शेवटी. आमच्यातल्या एक बाई, साठीच्या आतबाहेरच्या, मुलीबरोबर आल्या होत्या. निम्म्यावर त्या थांबल्या. मी चार पायऱ्या खाली होते. त्यांची डाव्या हाताची बोटं कठड्याच्या नळीभोवती अशी आवळलेली होती की नखांखालचं रक्त उतरून ती पांढरी पडली होती. मुलगी वरून "आई, चल ना" म्हणत होती. खालून कुणीतरी ओरडलं, "पुढे सरका की!" त्या ओरडण्यानं त्यांनी दुसराही हात त्याच नळीवर आणला आणि डोळे मिटले.

मी जे शिकले होते ते केलं. जवळ गेले, सावकाश बोलले, श्वास मोजायला सांगितला. काही उपयोग होईना. तेवढ्यात खालून वस्तीवरचे एक आजोबा, पाठीवर अर्धं पोतं घेऊन, थांबलेल्या लोकांच्या कडेकडेनं वर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोतं माझ्या पायरीवर टेकवलं, बाईंना ओलांडून एक पायरी वर गेले आणि म्हणाले, "ताई, वर बी बघू नगा, खाली बी बघू नगा. माझ्या टाचा बघा. टाच उचलली की तुम्ही उचला." त्यांच्या पायात रबरी चपला होत्या, टाचांना भेगा, भेगांत लाल माती. त्या टाचा एक पायरी चढल्या आणि थांबल्या. बाईंनी एक हात सोडला. मग दुसरी पायरी. वीस मिनिटं लागली असतील. पोतं मी वर नेलं. निम्म्या पोत्याचं ते वजन दोन दिवस माझ्या खांद्यात होतं.

आमची कागदपत्रं पूर्ण होती हे इथे नोंदवायला हवं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं, तेव्हापासून नोंदणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, सहभागींची माहिती हे सगळं आम्ही काटेकोर ठेवतो. आमच्या अर्जात वय, रक्तगट, दमा, रक्तदाब, घरच्या माणसाचा फोन असं सगळं विचारलेलं होतं. उंचीची भीती वाटते का, हा प्रश्न नव्हता. आणि शिडीबद्दल सहभागींना सांगितलं होतं ते फक्त एवढंच: 'वाटेत लोखंडी शिडी आहे.' ज्यानं ती पाहिलेली नाही त्याला या चार शब्दांतून काय कळणार?

देवळापाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. धुकं निघायला लागलं होतं. जेवणाचं घर तिथून पंधरा मिनिटांवर. आणि इथे या दिवसातला सगळ्यात चुकीचा निर्णय आम्ही दोघांनी मिळून, दोन मिनिटांत घेतला. नाखिंद तर गेलंच होतं. मग निदान सातरंगी माती आणि फुलांचं पठार उजेडात दाखवून घेऊ, पुन्हा धुकं आलं तर लोक नाराज होतील, असं सहकारी म्हणाला. मी म्हणाले, "हो, जेवण काय, थांबेल."

फोनला रेंज नव्हती. पण पंधरा मिनिटांच्या वाटेवर एक माणूस निरोप घेऊन पाठवता आला असता. आमच्यापैकी कुणाच्याही मनात ते आलं नाही.

फुलं खरोखर सुंदर होती. सोनकीचा पिवळा गालिचा, मध्ये तेरड्याचे गुलाबी पट्टे, पलीकडे ढगांतून अर्धा वर आलेला केंजळगड. लोक दीड तास तिथून हलेनात. सव्वादोनच्या सुमाराला भूक लागल्यावर सात जणांनी पिशव्यांतून आपापले डबे काढले: ठेपले, चिवडा, उकडलेली अंडी. त्यांना दोष देता येत नाही, सकाळी आठनंतर त्यांच्या पोटात काही नव्हतं.

जेवण आणि पैसे

मावशींनी आम्हाला बघून बारा भाकऱ्या नव्यानं थापल्या. पिठल्यात गरम पाणी घालून ते पुन्हा चुलीवर चढवलं. खर्डा, इंद्रायणीचा भात, आमटी, ताक. सून वाढत होती, मुलगा पाणी देत होता. ज्यांनी डबे खाल्ले होते त्यांनी संकोचानं अर्धी-अर्धी भाकरी घेतली. एक-दोघांनी "आमचं झालंय हो" म्हणून नुसता चहा मागितला. दुरडीतली चळत तशीच राहिली.

जेवणं आटपल्यावर सहकाऱ्यानं मला अंगणाच्या कडेला बोलावलं. ठरलं होतं माणशी दीडशे, एकवीस ताटांचे तीन हजार एकशे पन्नास. त्यानं मोजलेली पुरी ताटं तेरा. "तेराचे द्यायचे, साडेएकोणीसशे," तो म्हणाला, "बाकीचे जेवलेच नाहीत." मी म्हणाले, स्वयंपाक एकवीसचा झालाय. त्यावर तो, की मग पुढच्या वेळी अंदाज देऊ, पक्का आकडा नको. दहा मिनिटं हे चाललं. शेवटी पूर्ण पैसे दिले. मावशींनी न मोजता पदराला बांधले. अंगण आणि ओसरी यांत अंतर ते किती, आमचं बोलणं आत ऐकू गेलं असणारच.

घरी आल्यावर मी दिवसाचा हिशेब मांडला, आणि त्यानं मला झोप लागली नाही. जमा वीस हजार नऊशे. बसला नऊ हजार आठशे. कापूरहोळच्या नाश्त्याला एक हजार आठशे नव्वद. विमा, औषधं, किरकोळ मिळून हजार. वस्तीला तीन हजार एकशे पन्नास. आम्हा दोघांना उरले पाच हजार साठ. लोक रायरेश्वर बघायला आले, आणि त्यांनी दिलेल्या शंभर रुपयांतले पंधरा रायरेश्वरावर पोचले. त्यातलेही जवळजवळ सहा कापण्यावर आम्ही अंगणात वाद घातला. हमरस्त्यावरच्या हॉटेलात माणशी नव्वद रुपये मोजताना मात्र कुणी किती खाल्लं हे कुणी विचारलं नव्हतं.

बुधवार

तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, मी एकटी गेले. एसटीनं भोर, पुढे मिळेल ते वाहन, शेवटचा चढ पायी. गट नाही, कॅमेरा नाही. शिडीवर कुणीच नव्हतं. मावशी खळ्यावर होत्या. "एकल्याच?" म्हणाल्या, आणि मग चहा ठेवला.

मी सरळ विचारलं, त्या रविवारी तुमचा दिवस कसा गेला, पहिल्यापासून सांगा. आधी त्या "काय न्हाई, बरा गेला" असंच म्हणत राहिल्या. पाहुण्याला त्याची चूक तोंडावर सांगायची नाही हा रिवाज तिथे पक्का आहे. मी खळ्यावर त्यांच्याबरोबर नाचणीची कणसं निवडायला बसले. हात कामात गुंतल्यावर मग बोलणं सुटलं.

त्या पहाटे साडेचारला उठल्या होत्या. पाणी आधी भरून घ्यावं लागतं, कारण नऊनंतर गोमुखाच्या टाक्यावर सहलीची माणसं हातपाय धुवायला येतात आणि बायकांना मग थांबून राहावं लागतं. एकवीस माणसांचं जेवण आणि भांडी म्हणजे घरच्यापेक्षा सात-आठ हंडे जास्त. ते त्यांनी आणि सुनेनं वाहिले. गुरं सोडली. दहाला चूल पेटवली, म्हणजे साडेबाराला भाकरी गरम मिळेल. त्या दिवशी वावरात दोघींचं काम होतं, ते राहिलं. साडेबाराला दुसराच एक गट, अकरा जणांचा, दारात आला. आयत्या वेळचे, जेवण मिळेल का विचारत. रोख पैसे द्यायला तयार. त्यांना नाही म्हटलं.

"का?" मी विचारलं.

"तुमाला शब्द दिला हुता. ती जेवली अस्ती आन् तुम्ही आला अस्ता तर काय वाढलं अस्तं?"

आमच्यामागे गुरांना पाणी दाखवायला अंधार पडला. उरलेल्या भाकऱ्या दोन दिवस घरच्यांनी कुस्करून खाल्ल्या, बाकीच्या गाईला घातल्या. मी पैशांच्या वादाबद्दल माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "पैसं तुम्ही पुरं दिलं, त्याचं काय न्हाई. पर ताई, भाकर तव्यावरनं ताटात जाया लागती. दुरडीत बसलेली भाकर मला वाढू वाटत न्हाई."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी कधीच विचारात घेतली नव्हती. "तुम्ही फोनवर सांगता एकवीस. मला काय कळणार, म्हातारं हाय का लेकरू हाय? मी तिखट किती घालू?" आमच्या अर्जात प्रत्येकाचा रक्तगट होता. ज्या बाईनं त्यांच्यासाठी स्वयंपाक करायचा तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या रविवारी खर्डा फार तिखट होता म्हणून दोन मुलं नुसता ताकभात जेवली होती, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "ती लेकरं उपाशी गेली," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी.

संध्याकाळी उतरताना मला माझ्या कामाबद्दल एक गोष्ट लख्ख दिसली. वेळापत्रक आम्ही पुण्यात बसून आखतो, आणि त्यात प्रत्येक जागेची वेळ असते: टोलनाका, हॉटेल, देऊळ, फोटो. वस्तीची वेळ त्यात नव्हतीच. तिथल्या चुलीला, टाक्याला, गुरांना स्वतःचा दिवस आहे, आणि एकवीस माणसं त्या दिवसात शिरतात तेव्हा तो कुणीतरी आपल्या हातांनी रेटून त्यांच्यासाठी जागा करत असतं.

पुढच्या वेळी

नवा आराखडा मी मावशींच्या दिवसावरून उलटा मांडला. साडेबाराला ताटात भाकरी पडली पाहिजे, हा खुंटा. मग शिडी दहाच्या आत, मग पुण्याहून साडेपाचला निघणं. रविवारऐवजी शनिवार. नाखिंद पूर्ण काढून टाकलं. हॉटेलातला नाश्ता बंद. साधा पोह्यांचा डबा बसमध्ये, आणि वर पोचल्यावर पहिला चहा वस्तीवर. आधी जेवण, पठार नंतर. गट सोळाचा.

गुरुवारी संध्याकाळी आकडा पक्का होतो आणि शुक्रवारी पूर्ण पैसे जातात. नंतर कुणी गळलं तरी ते परत मागायचे नाहीत. आकड्याबरोबर मी मावशींना सांगते: दोन लहान मुलं, एक पथ्यवाल्या आजी, एकाला दही चालत नाही. शिडीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ प्रत्येकाला आधी जातो. ज्यांना तो बघून नको वाटतं त्यांना पैसे परत मिळतात, किंवा ते खिंडीत थांबून केंजळगडाच्या पायथ्याची वाट फिरतात.

आणि वाटाड्या वस्तीवरचा. एक तरुण मुलगा शिडीच्या तळाशी येऊन भेटतो. आत्तापर्यंत गाइड म्हणून मीच बोलत होते, वाचलेल्या माहितीवर. त्याच्याबरोबर पहिल्यांदा पठारावर गेले तेव्हा त्यानं आमच्या गटाला ज्या जागी थांबवलं ती जागा मी ओळखली. सप्टेंबरात आमचे लोक दीड तास जिथे बसले होते, ते त्याच्या चुलत्याचं गवताचं रान होतं. तुडवलं की ते गवत कापणीला उभं राहत नाही. तो रागावून बोलला नाही. फक्त म्हणाला, "हितनं बांधाबांधानं चला." फुलं बांधावरूनही तेवढीच दिसतात.

माणशी आता तेराशे. सोळांचे वीस हजार आठशे. त्यातून वस्तीला अठरा ताटांचे, दोनशेप्रमाणे, तीन हजार सहाशे, वाटाड्याला हजार, चहाचे तीनशे साठ. एकूण चार हजार नऊशे साठ, म्हणजे शंभरातले चोवीसेक. बस तेवढीच, डब्याला सातशे वीस, किरकोळ हजार, आम्हा दोघांना चार हजार तीनशे वीस. आमचं कमी झालं हे खरं आहे.

सहकाऱ्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नाखिंद काढल्यावर नोंदणी घटेल, असं तो म्हणाला होता. घटली. दोन जुन्या सहभागींनी वाढलेल्या पैशांबद्दल नाराजी कळवली आणि पुन्हा आले नाहीत. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आकडा सोळाचा दिला आणि आदल्या रात्री पाच जण गळले; त्यांचे वस्तीला गेलेले पैसे आमच्या खिशातून गेले. त्या रात्री त्यानं मला फोन करून विचारलं, असं किती वेळा परवडणार? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर आम्ही सहभागींसाठीही गुरुवारची मुदत लावली, त्यानंतर रद्द केलं तर जेवणाचे पैसे परत नाहीत. हे आधीच सुचायला हवं होतं. तो अजून माझ्याबरोबर काम करतो, आणि आता वस्तीवरचा हिशेब तोच ठेवतो.

ऑक्टोबरअखेरच्या पहिल्या बदललेल्या सहलीत आम्ही बारा वीसला ओसरीत पोचलो. मावशींनी आतूनच विचारलं, "ती तिखट न खाणारी लेकरं कुठं हायती?" दोन ताटं वेगळी आली, त्यांत गूळ-तूप. तव्यावरून उतरलेली भाकरी सून हातावर झेलत धावत आणत होती, वाफ ओसरीतून दिसत होती. दुरडी भिंतीला टांगलेली होती, रिकामी.

एक गोष्ट मात्र आराखड्यानं सुटण्यासारखी नाही, ती पाण्याची. फेब्रुवारीच्या शेवटी मार्चमधल्या सहलीचा सोळाचा आकडा द्यायला मी फोन केला. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गोमुखाची धार बारीक झालीया, ताई. आठच माणसं आणा. न्हाईतर पावसाळा हून जाऊ द्या." पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन मला काही अट घातली होती. आम्ही आठ जणांचे पैसे परत केले आणि आठ जणांना नेलं. भांडी घासायला पाणी लागू नये म्हणून पत्रावळी खालून नेल्या, आणि आम्ही दोघांसकट प्रत्येकानं पाठीवर चार-चार लिटर पाणी घेतलं. शिडीवर ते जाणवत होतं. पिऊन उरलं ते निघताना मावशींच्या रांजणात ओतलं. रांजण निम्म्याच्या थोडा वर आला.